घरच्यांना विचारलं, तिला कोण विचारणार?



उपचारांचा निर्णय रुग्ण, घरचे आणि डॉक्टर यांनी मिळून घ्यावा, असं आता सगळेच म्हणतात. आमच्या रावेर भागात हे 'मिळून' कसं घडतं? अंगावरून जातंय म्हणून बाईला भुसावळला नाहीतर बऱ्हाणपूरला नेतात. डॉक्टर नवऱ्याशी बोलतात, नवरा सासूशी, पैशाची जुळवाजुळव होते आणि पिशवी काढायचं ठरतं. ती बाहेर बाकावर बसलेली असते. तिला विचारतात ते एवढंच, की सकाळपासून काही खाल्लं नाही ना!

घरच्यांना विचारलं म्हणजे तिला विचारलं, हा समज सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली समीरा कोहली खटल्यात खोडून काढला. दिल्लीत तपासणीसाठी भूल दिलेली ४४ वर्षांची बाई बेशुद्ध असतानाच तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय आणि बीजकोश काढले गेले होते. जिवाला तातडीचा धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईने दिलेली संमती चालणार नाही, असं न्यायालयाने सांगितलं. १९७१च्या गर्भपाताच्या कायद्यातही नवऱ्याच्या सहीची अट नाही. तरी ती मागितली जातेच.

आणि तिने स्वतः 'हो' म्हटलं तरी? २०१९च्या सरकारी पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. कागदावर त्यांचा होकार असेलही. पण पाळीत खाडा झाला की मुकादमाचा दंड, या धाकातून आलेल्या होकाराला संमती म्हणायचं का?

घरच्यांना बाजूला सारा, असं माझं म्हणणं नाही. त्यांच्याशी बोलायचं ते वेगळंच असतं. ऑपरेशननंतर काही आठवडे जड उचलायचं नाही, मग पाणी कोण भरणार? केळीच्या बागेतली तिची मजुरी बुडेल, तेव्हा घर कसं चालणार? पुन्हा दाखवायला जाताना सोबत कोण? हे सगळं आधी ठरायला हवं, घरी सोडतानाच्या इंग्रजी चिठ्ठीवर नव्हे.

डॉक्टरांनी तिलाच सांगायचं ते असं: पांढरं जाणं बहुतेक वेळा औषधाने बरं होतं, त्यासाठी पिशवी काढावी लागत नाही. जास्त रक्तस्राव गोळ्यांनी किंवा तांबीसारखं हार्मोनचं साधन बसवून आटोक्यात येऊ शकतो. बीजकोश ठेवणार की काढणार? दोन्ही काढले तर पाळी जाण्याचे त्रास एकदम अंगावर येतात. पालकडच्या पाड्यांवरून आलेल्या बाईला हे तिच्या पावरी बोलीत कळायला हवं.

२०२१च्या नियमांनुसार महाराष्ट्रातल्या खासगी रुग्णालयांनी रुग्णहक्कांची सनद दर्शनी लावायची आहे. (बऱ्हाणपूर पडलं मध्य प्रदेशात, तिथे हा नियम दाखवून उपयोग नाही.) पुढच्या वेळी कुणासोबत दवाखान्यात गेलात तर ती शोधा, तिला वाचून दाखवा. आणि घाईचं दुखणं नसेल तर सहीआधी विचाराला दोन दिवस मागून घ्या.