सेशन संपलं म्हणजे नेमकं काय झालं?

शिष्यवृत्तीच्या फॉर्मचं तिसरं पान भरत आलेलं असतं. उत्पन्नाचा दाखला शोधायला तुम्ही कपाट उघडता, फाईल खाली काढता, दाखल्याचा फोटो घेता, परत येऊन ‘पुढे’ दाबता आणि स्क्रीनवर एकच ओळ येते: ‘तुमचं सेशन संपलं आहे, कृपया पुन्हा लॉगिन करा.’ भरलेलं सगळं गेलं. अशा वेळी वेबसाइट बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडणं साहजिक आहे. पण ती ओळ का येते हे एकदा कळलं, की अर्धा त्रास टाळता येतो.

देवळाबाहेरचा चप्पल स्टँड आठवा. तिथला माणूस तुमचा चेहरा लक्षात ठेवत नाही. तो बिल्ला देतो आणि बिल्ला दाखवणाऱ्याला चप्पल देतो. वेबसाइटचंही तसंच आहे. तुमचं प्रत्येक क्लिक तिच्या सर्व्हरला नवं, अनोळखी वाटतं. म्हणून लॉगिन करताच तो तुमच्या ब्राउझरला एक बिल्ला देतो आणि पुढच्या प्रत्येक क्लिकबरोबर तो दाखवला जातो. यालाच कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतल्या लू माँटुली यांनी १९९४ मध्ये ही युक्ती काढली.

गोम अशी, की बिल्ला कोणाच्या हातात आहे हे स्टँडवाला बघत नाही. सायबर कॅफेत किंवा ऑफिसच्या सामायिक कॉम्प्युटरवर तुम्ही बँकेचं पान उघडं टाकून उठलात, तर पुढच्या माणसाला पासवर्ड लागतच नाही. म्हणून काही वेळ काहीच हालचाल झाली नाही, की सर्व्हर बिल्ला रद्द करतो. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल पेमेंट सुरक्षेच्या २०२१ च्या निर्देशांतही इंटरनेट बँकिंगचं सेशन ठरावीक निष्क्रियतेनंतर आपोआप संपलं पाहिजे, असं सांगितलं आहे. किती वेळाने? वेब सुरक्षेवर काम करणारी ओवॅस्प ही संस्था सांगते, की पैशांसारख्या जोखमीच्या ठिकाणी साधारण २ ते ५ मिनिटं आणि कमी जोखमीच्या ठिकाणी १५ ते ३० मिनिटं ठेवण्याची पद्धत आहे.

आता खरी मेख. ‘हालचाल’ म्हणजे काय? तुम्ही टाइप करता, पान वरखाली करता, ती तुमच्या दृष्टीने हालचाल. सर्व्हरला मात्र यातलं काहीही दिसत नाही. तुम्ही बटण दाबून काहीतरी पाठवता, तेव्हाच तुम्ही जागे आहात हे त्याला कळतं. एका लांबलचक पानावर तुम्ही वीस मिनिटं मान मोडून पत्ता, खाते क्रमांक, शाळेचं नाव भरत असाल, तर त्याच्या लेखी तुम्ही वीस मिनिटांपूर्वीच उठून गेलेले असता.

हे टाळता येत नाही असं मुळीच नाही. बोट स्क्रीनला लागलं किंवा की दाबली गेली, की पानानेच सर्व्हरला ‘माणूस अजून इथेच आहे’ असा निरोप द्यायचा, ही व्यवस्था फार अवघड नाही. वेळ संपण्याआधी ‘अजून काम चालू आहे का?’ असं विचारता येतं. भरलेला मजकूर मसुदा म्हणून जपून ठेवता येतो, म्हणजे पुन्हा लॉगिन केल्यावर तो जागेवर सापडतो. वेबसाइट सर्वांना वापरता यावी म्हणून असलेल्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत एक मार्ग असा दिला आहे: आधी इशारा द्या, मुदत वाढवायला किमान २० सेकंद द्या, तेही एखादं बटण दाबण्याइतक्या सोप्या कृतीने, आणि अशी वाढ किमान दहा वेळा मिळू द्या.

माझं मत विचाराल, तर इशारा न देता बाहेर काढणारा फॉर्म हा सुरक्षित नव्हे, आळशी फॉर्म आहे. त्याचा फटका चटचट टाइप करणाऱ्या पोरांना बसत नाही. तो बसतो चष्मा पुसत एका बोटाने अक्षरं शोधणाऱ्या आजोबांना, आणि मधेच कुकरची शिट्टी झाली म्हणून उठणाऱ्या आईला. बँकेने दोन मिनिटांत दार लावलं तर मी समजू शकते, शाळाप्रवेशाच्या फॉर्मला तेवढी घाई कशाची?

तोवर आपल्या हातात काय आहे? कागदपत्रांचे फोटो आधी काढून, हव्या त्या आकारात करून ठेवा. लांब उत्तरं मोबाइलच्या नोट्समध्ये लिहा आणि मग फॉर्ममध्ये पेस्ट करा. ‘सेव्ह ड्राफ्ट’ किंवा ‘जतन करा’ असं बटण दिसलं तर ते दर थोड्या वेळाने दाबत राहा. त्याने मजकूरही वाचतो आणि तुम्ही जागे आहात हे सर्व्हरलाही कळतं. ओटीपी येणारा फोन चार्ज करून जवळ ठेवा.

पण आपोआप होणाऱ्या लॉगआउटवर विसंबू मात्र नका. जीमेल तुम्हाला पाच-दहा मिनिटांनी बाहेर काढत नाही, दिवसेंदिवस उघडं राहू शकतं. व्हॉट्सॲपला जोडलेला कॉम्प्युटर आपोआप सुटतो, पण तुमचा मुख्य फोन १४ दिवसांहून जास्त काळ वापरला गेला नाही तर. आणि फोन तर आपण रोजच वापरतो! टॅब बंद करणं म्हणजे लॉगआउट नव्हे, तिथे बिल्ला परत केलेलाच नसतो. बरेच ब्राउझर पुन्हा उघडल्यावर जिथे सोडलं तिथूनच सुरू होतात. झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला मेल उघडलात, तर निघताना लॉगआउटच दाबा, आणि ‘पासवर्ड सेव्ह करायचा का?’ या प्रश्नाला नाही म्हणा.

विसरून घरी आलात तरी उपाय आहे. गूगल खात्याच्या सेटिंगमध्ये सुरक्षा विभागात ‘तुमची डिव्हाइस’ अशी यादी असते. तिथून दुकानातला कॉम्प्युटर निवडून त्याला घरबसल्या बाहेर काढता येतं. व्हॉट्सॲपमध्ये हीच सोय ‘लिंक केलेली डिव्हाइस’ या नावाने आहे. आज जरा उघडून बघा, त्या यादीत न ओळखता येणारं काही निघालं, तर ते लगेच काढून टाका आणि पासवर्डही बदला.