टायरची जखम मोजायची कशी?

पावसाळा अर्ध्यावर आला की मुलुंड-भांडुपचा एलबीएस मार्ग काय आणि अंधेरी-बोरिवलीचा एसव्ही रोड काय, टायरला कुठेच काही लागलेलं नाही अशी गाडी सापडणं कठीण. कुणाचा टायर फुटपाथच्या दगडाला घासलेला, कुणाचा उखडलेल्या पेव्हर ब्लॉकनं कापलेला. मग दोन निकाल ऐकायला मिळतात. शेजारचे काका म्हणतात, "एवढंसंच तर आहे, चालवा बिनधास्त." दुकानदार म्हणतो, "साहेब, साइडवॉल गेली, टायर बदला." दोघेही जखम किती मोठी दिसते तेवढंच पाहतात. ती कुठे आहे आणि किती खोल गेली आहे, हे कुणी पाहत नाही.

आधी दुकानदाराचं म्हणणं घेऊ. गाडीच्या रेडियल टायरचं बळ वरच्या काळ्या रबरात नसतं, ते आतल्या धाग्यांत असतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचे पट्टे असतात. बाजूच्या भिंतीत बहुधा पॉलिएस्टरच्या धाग्यांचे एक-दोन थरच. हवेचा दाब तेच पेलतात. रबर त्यांना पाणी, माती, घर्षण यांपासून राखतं. तेव्हा भिंतीवरची अक्षरं घासली गेली, रबराची साल निघाली, पण खाली धागा दिसत नाही, तर तो टायर बाद ठरत नाही. भिंतीवर आत दबलेली एखादी उभी रेघ दिसते, तिलाही लोक घाबरतात. धाग्यांच्या थराची टोकं एकमेकांवर चढवून जोडलेली असतात. तिथे ताण कमी म्हणून ती रेघ उमटते. ती बांधणीतलीच असते. नक्षीत अडकलेले खडे आणि नव्या टायरवरचे रबराचे केस यांचा तर विचारही करू नये. ज्या भांडुपात सिएटचे टायर तयार होत आले, त्याच्या आसपास राहणाऱ्यांनी तरी अशा भीतीपोटी चांगले टायर भंगारात घालू नयेत.

पण काकांचं म्हणणं जास्त धोक्याचं आहे. भिंतीवर लिंबाएवढा फुगवटा आला की ते म्हणतात, "हवा थोडी कमी ठेव, चालेल." हे साफ चूक आहे. टायर खड्ड्याच्या धारेवर आदळतो तेव्हा भिंत खड्ड्याची धार आणि रिम यांच्यात चिमटली जाते आणि आतले धागे तुटतात. तुटलेल्या जागी दाब पेलायला नुसतं रबर उरतं आणि ते बाहेर येतं. बाहेरून एक ओरखडाही नसेल, तरी तिथे टायर मोडलेला असतो. हवा कमी केली की भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, जास्त तापते आणि दुबळी होते. हातभर लांब खरचटलेला टायर चालेल, पण लिंबाएवढा फुगा आलेला चालणार नाही.

"शहरातच फिरवतो, चाळीसच्या वर जात नाही," हा बचावही टिकत नाही. तीच गाडी शनिवारी लोणावळ्याला निघते आणि द्रुतगती मार्गावर ताशी 100 किलोमीटरची मर्यादा गाठते. "मग स्टेपनीला टाकतो," म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: स्टेपनी लागते कधी? रात्री, घाटात, घरची माणसं गाडीत असताना. त्या वेळेसाठी मोडका टायर राखून ठेवायचा? आणि भिंतीचा काप सोल्यूशननं चिकटवणं म्हणजे जखम झाकणं; धागे त्यानं जुळत नाहीत.

खिळ्याचं गणित वेगळं. नक्षीच्या मधल्या भागात सहा मिलिमीटरपर्यंतचं भोक असेल तर टायर रिमवरून उतरवून आतून मशरूम पॅच लावावा, तो टिकतो. बाहेरून खुपसलेली रबराची बत्ती घरी पोचण्यापुरती. भिंतीतलं पंक्चर मात्र दुरुस्त करूच नये.

घरी तपासायला अवजार लागत नाही. टायर धुऊन वाळू द्या. काप बोटांनी हलकेच फाकवा. धागा किंवा तार दिसली तर टायर बाद. भिंतीवरून तळवा गोल फिरवा. उंचवटा हाताला लागतो. शंका असलेल्या चिरेच्या दोन्ही टोकांना खडूनं खूण करा आणि ती लांबली का हे आठवड्यानं पाहा. भिंतभर बारीक भेगांचं जाळं असेल तर टायरवरच्या डीओटी (DOT) खुणेतले शेवटचे चार आकडे वाचा: पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर जुना निघाला तर नक्षी शिल्लक आहे म्हणून तो ठेवू नका.

सगळ्यात दुर्लक्षित राहते ती टायरची आतली बाजू, गाडीच्या पोटाकडची. फुगा तिथेही येतो आणि उभ्यानं दिसत नाही. या रविवारी स्टिअरिंग पूर्ण वळवून पुढच्या दोन्ही टायरांची ती बाजू विजेरीनं बघा, मागच्यांसाठी खाली वाका, आणि फुगा सापडला तर सोमवारी ती गाडी ऑफिसला नेऊ नका.