पाना हाती घेण्याचे शिक्षण

पन्नाशी ओलांडलेल्या डॉक्टरांनी स्कूबा डायव्हिंगच्या साहित्याची देखभाल व दुरुस्ती शिकविणाऱ्या वर्गात नाव घालावे, हे आमच्या काही स्नेह्यांना मोठे गमतीचे वाटले. "एवढी पदवी मिळवून आता वॉशर बदलणार काय?" असा प्रश्न आम्हांस विचारण्यात आला. प्रश्न थट्टेचा असला तरी त्यामागील धारणा थट्टेवारी नेण्यासारखी नाही. म्हणून स्मरणिकेच्या पानांत तिचा विचार व्हावा असे आम्हांस वाटते.

प्रथम या विद्येविषयी थोडे सांगणे अवश्य आहे. १९४३ मध्ये फ्रान्समध्ये झाक-इव्ह कुस्तो आणि एमिल गान्यां यांनी श्वासागणिक हवा पुरविणारी झडप सिद्ध केली आणि माणसाला पाण्याखाली मुक्तपणे वावरणे शक्य झाले. पाठीवरच्या सिलिंडरात निव्वळ प्राणवायू असतो हा समज चुकीचा आहे. सामान्यतः त्यात गाळलेली, कोरडी केलेली साधी हवाच असते. ब्रिटनमध्ये ती पुष्कळदा २३२ बार दाबाने भरतात. रेग्युलेटरचा पहिला टप्पा हा दाब भोवतालच्या दाबापेक्षा सुमारे ९ ते १० बार अधिक इतका खाली आणतो; तोंडाशी असलेला दुसरा टप्पा श्वास ओढताच हवा भोवतालच्या दाबाने देतो. या साऱ्या व्यवहाराचा भार काही रबरी ओ-रिंगा, एक पडदा किंवा दट्ट्या, एक स्प्रिंग आणि झडपेची एक इवलीशी बैठक यांवर असतो.

ही बैठक झिजली म्हणजे मधला दाब स्थिर न राहता हळूहळू चढत जातो आणि तोंडाशी हवा आपोआप सुटू लागते. समुद्राचे मीठ सुकून त्याचे खडे झाले की रबर खरवडले जाते. या देशातील थंड तळ्यांत आणि पाण्याने भरलेल्या खाणींत आणखी एक संकट असते. दाब उतरताना हवा अतिशय गार होते, त्यामुळे बर्फ जमते आणि झडप उघडीच अडकून बसते. कॉम्प्रेसरच्या तोंडाजवळ इंजिनाचा धूर गेला तर सिलिंडरात कार्बन मोनॉक्साइड शिरतो. त्याला वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक आसक्तीने चिकटतो. शिवाय ३० मीटर खोलीवर एकूण दाब चौपट होत असल्याने त्या विषाचा अंशदाबही चौपट होतो. ही गोष्ट शरीरशास्त्राच्या पुस्तकात आम्ही पूर्वीच वाचली होती. परंतु कॉम्प्रेसरचा फिल्टर प्रत्यक्ष हाती घेतल्यावर तिचा अर्थ निराळ्या रीतीने ध्यानी आला.

असे अभ्यासक्रम मनुष्याला तंत्रज्ञ बनवीत नाहीत, हेही स्पष्टपणे सांगितले पाहिजे. साहित्य गोड्या पाण्याने कसे धुवावे, धुण्यापूर्वी पहिल्या टप्प्यावर टोपण का बसवावे, बिघाडाची लक्षणे कशी ओळखावीत, सिलिंडरांची तपासणी केव्हा करून घ्यावी, एवढे ते शिकवितात. ब्रिटनमध्ये अशी तपासणी दर अडीच वर्षांनी, आणि पाण्याच्या दाबाची चाचणी दर पाच वर्षांनी करावी लागते. रेग्युलेटर उघडून त्याचे भाग बदलण्याचा अधिकार निर्मात्यांच्या स्वतंत्र प्रशिक्षणाने मिळतो. अनेक निर्माते सुटे भागही केवळ मान्यताप्राप्त दुरुस्तीकारांनाच देतात. ही मर्यादा आम्हांस मान्य आहे. मात्र अधिकार मर्यादित असावा म्हणून ज्ञानही मर्यादित असावे, हे आम्हांस मान्य नाही. आपल्या आजाराची माहिती असलेला रुग्ण स्वतःवर शस्त्रक्रिया करीत नाही. तो डॉक्टरांना योग्य प्रश्न विचारतो. साहित्य वापरणाऱ्याचेही तसेच आहे.

आता मूळ धारणेकडे वळू. हाताने काम करणे पदवीधराला शोभत नाही ही समजूत आपल्या समाजात का रुजली, याचे कारण आहे. आपल्या वाडवडिलांच्या हातांवर कामे लादली गेली होती. त्यांत निवड नव्हती, मोबदला नव्हता आणि मानही नव्हता. ती अवजारे टाकून लेखणी धरणे हीच मुक्ती होती, आणि ती भावना यथार्थच होती. परंतु जातिव्यवस्था केवळ श्रमांची नव्हे तर श्रमिकांची विभागणी करते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये 'जातिसंस्थेचे उच्चाटन' या ग्रंथात दाखवून दिले. त्यांचा विरोध लादलेल्या धंद्याला होता, कौशल्याला नव्हता. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात श्रम खात्याचे सदस्य होते. त्या काळात भारतीय तरुण बेव्हिन योजनेखाली याच ब्रिटनमध्ये कारखान्यांतील काम शिकण्यास येत होते, ही गोष्ट इथे राहणाऱ्या आपण तरी विसरू नये.

आज आपली मुले डॉक्टर, वकील, हिशेबतपासनीस होत आहेत. त्याचा आनंदच आहे. पण एखाद्या मुलीने यंत्रदुरुस्तीचा मार्ग पत्करला तर घरात सुतकी शांतता पसरू नये. मालवण-तारकर्लीच्या समुद्रात आता पर्यटक मोठ्या संख्येने बुडी मारतात. तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे स्कूबा प्रशिक्षण केंद्रही आहे. तिथल्या तरुणांनी होडी हाकण्यावर आणि पाहुण्यांना हात धरून खाली नेण्यावरच का थांबावे? रेग्युलेटर उघडून नीट करणारा प्रमाणित तंत्रज्ञही तिथलाच असावा. परदेशस्थ संस्थांनी पदवीसाठी शिष्यवृत्त्या द्याव्यातच. त्यांबरोबर अशा एकदोन तांत्रिक प्रशिक्षणांचा खर्चही उचलावा, अशी आमची सूचना आहे.

ज्याच्या हातून निघालेल्या झडपेतून आपण पाण्याखाली श्वास घेतो, त्या माणसाच्या विद्येला आपण कोणता मान देतो, याचा विचार वाचक बंधु-भगिनींनी आपापल्या घरी अवश्य करावा.