अडते नेमके कुठे?

मराठी शिकवणाऱ्यांच्या बैठकीत एक वाक्य हमखास कानावर येते : कविता अनुभवायची असते, तिचे पोस्टमार्टेम करायचे नसते. माना डोलतात आणि चर्चा पुढच्या विषयावर जाते. यंदा या वाक्याचा आधार घेऊन एक सूचनाच पुढे आली. कथा, कविता, नाटक शिकवताना वृत्त, अलंकार, प्रतिमा, निवेदक, शोकांतिका ही परिभाषा शक्य तितकी बाजूला ठेवावी, मुलांना आधी वाचनाची गोडी लागू द्यावी. सूचना करणारे सहकारी मुलांवर मनापासून माया करतात. म्हणूनच त्यांना नीट उत्तर द्यायला हवे असे मला वाटते.

त्यांच्या म्हणण्यात खरे आहे ते आधी मान्य करतो. ‘अलंकार ओळखा’ या प्रश्नाने फार नुकसान केले आहे. सम, समान, सारखा, वाणी दिसले की उपमा. जणू, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. यादी पाठ असली की ओळ न वाचताही उत्तर लिहिता येते आणि गुणही मिळतात. बावीस वर्षे मी असे पेपर तपासतो आहे. पण हा दोष परिभाषेचा नाही. आपण नाव सांगितले आणि वस्तू दाखवलीच नाही, हा दोष आपला आहे.

वस्तू दाखवायला वेळ लागत नाही. मी फळ्यावर लिहितो : आजीचे हात जुन्या गोधडीसारखे मऊ आहेत. मग : आजीचे हात म्हणजे जणू जुनी गोधडीच. आणि शेवटी : आजीच्या हातांची गोधडी ओढून मी झोपलो. पहिल्या वाक्यात हात हात आहेत, गोधडी गोधडी आहे, दोघांत फक्त साम्य आहे. दुसऱ्यात हात हीच गोधडी असावी अशी कल्पना मनात आली आहे. तिसऱ्यात दोन वस्तू उरल्याच नाहीत; थंडी वाजणाऱ्या पोराने हात अंगावर ओढून घेतले आहेत. मुले हा फरक नावे न सांगताच ओळखतात. मग उपमा, उत्प्रेक्षा, रूपक ही नावे सांगितली की ती विसरत नाहीत, कारण आता त्या नावांना ऊब आहे.

परिभाषेने रस आटतो, असा दुसरा आक्षेप आहे. त्याला उत्तर म्हणून मागच्या वर्षीची एक गोष्ट सांगतो.

अकरावीतली एक मुलगी तास संपल्यावर वही घेऊन आली. थोरल्या बहिणीचे लग्न होते आणि तिने स्वतः मंगलाष्टके रचली होती. तिची आई गावातल्या लग्नांत मंगलाष्टके म्हणते. आईने वाचली आणि एका ओळीत एका अक्षरावर बोट ठेवले : ‘इथं जीभ अडती गं.’ का अडते ते आईला सांगता येईना, मुलीला कळेना. ओळ अशी होती : ‘आली आज वरात ही मिरवुनी पाटोदा गावातुनी’. अक्षरे मोजली, बरोबर १९ भरली. ‘सर, अक्षरं तर पुरी आहेत,’ ती म्हणाली. मंगलाष्टकांच्या शार्दूलविक्रीडित वृत्तात १९ अक्षरे लागतात, पण कोणते अक्षर लघु आणि कोणते गुरू हेही ठरलेले असते. म, स, ज, स, त, त हे तीन-तीन अक्षरांचे सहा गण आणि शेवटी एक गुरू, बाराव्या अक्षरावर थांबा. मी खडू तिच्या हातात दिला. तिने प्रत्येक अक्षरावर खूण करायला घेतली, लघूला चंद्रकोर, गुरूला आडवी रेघ. बारा अक्षरे बिनचूक गेली. तेरावे ‘पा’ गुरू, चौदावे ‘टो’ गुरू, आणि पंधरावे ‘दा’. तिथे लघु हवा होता. खडू हवेतच थांबला. ‘आई म्हणती तेच अक्षर!’ ती जवळजवळ ओरडलीच.

पुढचे तिने स्वतः केले. पाटोदा या शब्दात तिन्ही अक्षरे गुरू, म्हणजे तो नुसता मगण आहे, आणि हे वृत्त सुरू होते तेच मगणाने. तिने गावाचे नाव उचलून ओळीच्या सुरुवातीला आणले : ‘पाटोदा नगरी नटे सजुनिया, दारी उभी तोरणे’. दोनदा मोठ्याने म्हणून पाहिली. वर्गात आम्ही दोघेच होतो. तिच्या चेहऱ्यावर जे होते त्याला आनंदाशिवाय दुसरे नाव नाही. रस आटला कुठे? आईच्या कानाला जे कळत होते ते मुलीच्या बोटाला दाखवता आले, एवढेच गणांनी केले.

इथे बहिणाबाईंचे नाव पुढे येईल, नेहमीच येते. असोद्याच्या त्या माउलीला अक्षरओळख नव्हती. तिची गाणी दुसऱ्यांनी उतरवून घेतली, ती पुस्तकरूपाने १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर आली. तिला कोणी अलंकार शिकवले होते? कोणीही नाही. पण जात्याची घरघर, ओवीची लय, सणावारांची गाणी यांत ती वाढली. हे शिक्षण वर्गातल्या कुठल्याही तासापेक्षा मोठे होते. आज माझ्या वर्गातल्या बहुतेक मुलांच्या घरात जाते नाही आणि पुस्तकांचे कपाटही नाही. ज्यांच्या घरी कपाट आहे त्यांना ‘निवेदक’ हा शब्द जेवताना ऐकून कळतो. ऊसतोडीला गेलेल्या आईबापांच्या, वसतिगृहात राहणाऱ्या मुलाला तो कोण सांगणार? गोडी लागू द्या म्हणत आपण शब्द हातचे राखून ठेवले, तर ज्यांच्याकडे ते आधीच आहेत त्यांचेच फावते.

ही परिभाषा उसनी आहे, असेही म्हणतात. काही शब्द संस्कृतातून आले, काही इंग्रजीच्या वळणावर घडले, हे खरे. पण तमाशातले गण, गवळण, बतावणी, वग हे कोणाचे? कीर्तनात पूर्वरंग संपून उत्तररंग लागला की देवळातली म्हातारी माणसे सावरून बसतात, ती कोणत्या विद्यापीठात शिकली? विंचवाचे भारूड ऐकताना हा विंचू शेतातला नाही हे ज्याला कळते, त्याने रूपक ओळखलेले असते.

मला सर्वांत जवळचा शब्द निवेदक. आमच्या वाचनालयातल्या मंडळात नेमाड्यांची ‘कोसला’ ही कादंबरी चर्चेला घेतली होती. एक गृहस्थ फार चिडले : ‘बापाचा पैसा उधळायचा, परीक्षा बुडवायची, आणि वर नेमाडे त्याचं कौतुक सांगतात!’ अर्धा तास लेखकाच्या वर्तनावरच वाद झाला. मग एका बाईंनी शांतपणे विचारले, ‘पण हे सांगतंय कोण? नेमाडे की पांडुरंग सांगवीकर?’ सगळे पुस्तकात परत आले. सांगवीकर स्वतःची गोष्ट स्वतः सांगतो, म्हणजे त्याचे ‘उदाहरणार्थ’ आणि ‘वगैरे’ हेही त्याचेच. तो या शब्दांनी जगाला हसतो, की आतले काही झाकतो? रात्री नऊला वाचनालय बंद करायला शिपाई आला तेव्हा तेच गृहस्थ सांगवीकराची बाजू मांडत होते. १९६३ सालची कादंबरी त्या संध्याकाळी आमच्यासाठी नव्याने उघडली ती एका शब्दाने.

म्हणून माझे म्हणणे असे आहे. परिभाषा काढू नका, तिची जागा बदला. आधी वाचन, तेही मोठ्याने. मग मुलांना जे जाणवले ते त्यांच्याच बोलीत. आणि ‘हे काहीतरी आहे, पण काय म्हणायचं?’ अशी वेळ आली की शब्द द्या. वर्षभरात चाळीस व्याख्या नकोत, दहा-बारा शब्द पुरेत. पण ते मुलांच्या तोंडी रुळले पाहिजेत.

सहकाऱ्यांना माझी विनंती आहे, की सोमवारी माझ्या तासाला येऊन बसावे. १९१९ साली रंगभूमीवर आलेले ‘एकच प्याला’ आम्ही वाचायला घेतो आहोत. हे नाटक दारूबंदीच्या धड्यासारखे उरकले जाते. अपमानाने डिवचलेला, मानी सुधाकर त्यात कोणाच्या नजरेला फारसा येत नाही. दारू त्याला बुडवते हे मुलांना सांगावे लागत नाही. त्याचा मानीपणा, म्हणजे त्याच्यातले जे चांगले तेच, त्याला त्या प्याल्याकडे कसे नेते, हे त्यांनी स्वतः पाहावे अशी माझी इच्छा आहे. शोकांतिका हा शब्द मी अजून उच्चारलेला नाही. सुधाकर पहिला प्याला उचलतो तिथे पोचलो, की फळ्यावर लिहीन.