हिरवा दिवा आणि खारं पाणी

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे कापसाची वेचणी होती, मग घरची लग्नं, मग नुसताच आळस. 'काही लिहीत का नाहीस रे' असं दर आठवड्याला विचारणाऱ्या पुण्याच्या मावसभावाला हा लेख अर्पण. त्याच्याही कपाटात अशी एक बॅटरी पडलेली आहे, हे मला माहीत आहे!

तर झालं असं. आमच्या पुतण्याने सेकंडहँड कॅमेरा घेतला आणि दर्यापुरात लग्नाच्या ऑर्डरी घ्यायला लागला. पोरगं मेहनती आहे, हातही चांगला आहे. एक दिवस शेतात पोपटांचे फोटो काढायला गेला आणि जास्तीची बॅटरी खिशातून थेट बोअरच्या हौदात. दहा-पंधरा मिनिटं शोधून काढली. घरी आल्यावर वहिनीच्या तांदळाच्या डब्यात दोन दिवस पुरून ठेवली. तिसऱ्या रात्री चार्जरला लावली आणि झोपला.

लावली कुठे? तर समोरच्या खोलीत. आणि समोरच्या खोलीत छपराला टेकेल इतका कापूस भरलेला. वऱ्हाडात राहणाऱ्यांना हे सांगायला नको. भाव पटेना म्हणून थांबलो होतो, आणि थांबायचं म्हणजे कापूस घरातच. आपण त्याच्या शेजारी जेवतो, झोपतो, पाहुण्यांना तिथेच बसवतो.

रात्री दोनच्या सुमारास पाणी प्यायला उठलो. अंधारात कापसाच्या कडेला एक हिरवा दिवा. दोन मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. मग प्लग काढला आणि बॅटरी अंगणातल्या रिकाम्या मडक्यात नेऊन ठेवली.

प्रामाणिकपणे सांगतो, बॅटरी गरम नव्हती. फुगलेलीही नव्हती. वास नाही, काही नाही. म्हणूनच सकाळी भांडण झालं.

"काका, काऊन काढली जी? मस्त चार्ज झाली होती ना! हिरवा लाईट लागला होता."

"लागला होता. मी पाह्यला."

"मंग? भेता तुमी उगीच."

दोन दिवसांवर लग्नाची ऑर्डर, अ‍ॅडव्हान्स घेतलेला. ओरिजिनल बॅटरी चार आकडी किमतीची. त्याचं म्हणणं सरळ होतं: चालते ना, मग वापरायची. आणि खरं सांगू, निम्मं घर त्याच्या बाजूने होतं.

आता माझं म्हणणं. आधी त्याच्या बाजूचं जे खरं आहे ते सांगून टाकतो. शाळेत सोडियमचा तुकडा पाण्यात टाकून दाखवतात, तसं लिथियमची बॅटरी पाण्यात पडली की पेट घेते, हा समज चुकीचा. आतला सेल हवाबंद असतो आणि त्यात धातूचा गोळा नसतो. पावसाचे चार थेंब वरून पडले, लगेच पुसले, तर घाबरायचं काही कारण नाही. जुन्या डिजिटल कॅमेऱ्यात पेन्सिल सेल असायचे, त्यांचा धोका तर याहून कितीतरी कमी. भिजलेली प्रत्येक बॅटरी पेटते, असंही नाही. बहुतेक पेटत नाहीत.

पण बुडालेल्या बॅटरीत पाणी जातं कुठे? सेलमध्ये नाही, सेलच्या बाहेर, प्लास्टिकच्या आत. तिथे एक छोटी सर्किटची पट्टी असते. जास्त चार्ज होऊ न देणं, शॉर्ट झालं तर तोडणं, ही कामं तिची. म्हणजे घराचा राखणदारच म्हणा. मोठ्या कॅमेऱ्याच्या बॅटरीत सहसा दोन सेल एकापाठोपाठ जोडलेले असतात, मिळून ७.२ व्होल्टच्या आसपास. पाण्याचं विघटन व्हायला सव्वा व्होल्ट पुरतो. म्हणजे ओली पट्टी आणि चार्ज असलेला सेल एकत्र आले की तांब्याच्या बारीक रेषा गंजायला लगेच सुरुवात. बऱ्याच बॅटऱ्यांना तपमान कळवणारा एक वेगळा ठिपका असतो. त्याच्यावर क्षाराचा थर बसला तर चार्जरला चुकीचा निरोप जातो. बॅटरी तापतेय आणि चार्जर म्हणतोय, सब ठीक!

आणि पाणी तरी कुठलं? आमचं! पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला, बुलडाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरलेला, आणि दर्यापूर त्यात बसलेलं. बोअरच्या पाण्याने चहा नासतो, साबणाला फेस येत नाही, बादलीला पांढरी कड चढते. हे आपण रोज बघतो. तीच पांढरी कड बॅटरीच्या पोटात चढणार नाही का? गोडं पाणी उडून गेलं तर मागे फारसं काही उरत नाही. खारं पाणी उडतं आणि मीठ ठेवून जातं. ते मीठ पुढच्या दमट दिवसात हवेतला ओलावा ओढून घेतं आणि काम परत सुरू. म्हणजे वाळलेली बॅटरी ही वाळलेली नसतेच, थांबलेली असते.

२०२२ मध्ये अमेरिकेत फ्लोरिडाला इयन चक्रीवादळ आलं. समुद्राचं पाणी शिरलेल्या काही इलेक्ट्रिक गाड्या पाणी ओसरल्यावर, काही तर बऱ्याच दिवसांनी पेटल्या. गाडीची बॅटरी कुठे आणि कॅमेऱ्याची कुठे, मान्य. पण जात एकच, आणि खाऱ्या पाण्याचा स्वभावही एकच.

तांदळाचं काय? तांदूळ पट्टीवरचं मीठ ओढून घेत नाहीत. अ‍ॅपलनेसुद्धा २०२४ मध्ये भिजलेला फोन तांदळात ठेवू नका असं सांगितलं. उन्हात वाळवणंही नको. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ पर्यंत जातो, आणि लिथियम-आयन सेल साधारण त्याच्या वर चार्ज करू नये असं सांगतात. हेअर ड्रायर तर नकोच नको.

शेंडगाव आमच्यापासून फार लांब नाही. तिथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा कीर्तनात लोकांना प्रश्नच विचारायचे. मीही पुतण्याला एकच विचारला. "हिरव्या दिव्याले मालूम हाय का, का ब्याटरी हौदात पडली होती?" गप्प बसला. दिवा फक्त सांगतो की व्होल्ट भरले. राखणदार जिवंत आहे की नाही, हे दिव्याला ठाऊक नसतं, चार्जरला नसतं, आणि बॅटरी न फोडता आपल्यालाही कळत नाही. (फोडू नका. आतलं रसायन ज्वलनशील असतं आणि पाण्याशी गाठ पडली की त्यातून घातक वायू सुटतो.)

म्हणून माझं मत: खाऱ्या पाण्यात बुडालेली बॅटरी चालली तरी ती मेली असंच समजावं. शंभरात नव्व्याण्णव वेळा काही होणार नाही, असं धरून चाला हवं तर. पण त्या एका वेळेला समोर काय आहे ते बघा. आमच्या समोर वर्षाचा कापूस होता आणि पलीकडच्या खोलीत झोपलेली माणसं. जिनिंगमध्ये काम केलेल्या कुणालाही विचारा. कापसात ठिणगी गेली की आतल्या आत धुमसते, आणि दिसते तेव्हा उशीर झालेला असतो.

बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावली. घंटागाडीत टाकली नाही, कारण कचऱ्यात दबली तर तिथे पेट घेऊ शकते. २०२२ च्या केंद्राच्या नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. पुढच्या वेळी अमरावतीला गेलो की घेणारं ठिकाण विचारून तिथे देईन. तोवर ती मडक्यात, कोरड्या वाळूत, घरापासून लांब.

लग्न पार पडलं. अंजनगावच्या एका फोटोग्राफर मित्राने त्याची बॅटरी दोन दिवस दिली. नव्या बॅटरीचे अर्धे पैसे मी दिले. भाषण देणाऱ्याने निदान तेवढं तरी करावं! महिन्याभराने मडकं उघडलं तर चिकटपट्टीच्या कडेने हिरवट-पांढरी भुकटी वर आलेली. पुतण्याला दाखवली. त्याने बघितली, काही बोलला नाही. पण त्या दिवसापासून चार्जर ओट्यावर लागतो, आणि तोही दिवसा.

आई मात्र पहिल्याच दिवशी बोलली होती. "पैसे गेले तं कमावता येतीन बाबू." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही, नुसतं कापसाकडे पाहिलं.

वहिनी अजून तांदळासाठी चिडलेली आहे. असो.