सुट्टीचे सहा आठवडे मुलांसाठी उघडे ठेवा : गडहिंग्लजच्या पालकांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्याधिकारी, गडहिंग्लज नगरपरिषद
मा. गटविकास अधिकारी व मा. गटशिक्षणाधिकारी, पंचायत समिती, गडहिंग्लज
मा. प्रांताधिकारी, गडहिंग्लज उपविभाग

विषय : शहरात व तालुक्यातील मोठ्या गावांत मुलांसाठी आणि किशोरवयीनांसाठी दिवसभराची मोफत उन्हाळी शिबिरे सुरू करण्याबाबत.

महोदय,

मे महिना उजाडला की शाळांना कुलपे लागतात आणि जूनच्या मध्यापर्यंत ती निघत नाहीत. या सहा आठवड्यांत मुलांचे आईबाप मात्र कामावर असतात. ज्यांचे हातावर पोट आहे त्यांना मे महिन्याची रजा नसते. उलट याच दिवसांत उन्हाळी भुईमूग काढणीला येतो, उसाची भांगलण निघते, लग्नसराईमुळे बाजारपेठेतल्या दुकानांना जादा माणसे लागतात. सकाळी आठला डबा घेऊन निघालेली आई दिवस मावळताना परतते. तिची मुले तो दिवस कुठे आणि कशी काढतात, हा प्रश्न आजवर कोणत्याही कार्यालयाच्या विषयपत्रिकेवर आलेला नाही. तो यावा म्हणून पालक, शिक्षक आणि क्रीडा कार्यकर्ते यांच्या संघटनेतर्फे आम्ही हे मागणीपत्र देत आहोत.

मे महिन्यातल्या कोणत्याही दिवशी दुपारी एकच्या सुमारास नदीवेशीच्या गल्ल्यांतून एक फेरी मारावी, अशी आमची पहिली विनंती आहे. घराची किल्ली दोऱ्यात ओवून गळ्यात अडकवलेली दहा-अकरा वर्षांची मुलगी पायरीवर बसलेली दिसेल. कडेवर धाकटा भाऊ, चुलीजवळ झाकून ठेवलेला सकाळचा भात, आणि शेजारच्या मावशीला जाता जाता घातलेली ‘जरा लक्ष ठेवा’ एवढी विनवणी. त्या मुलीची सुट्टी म्हणजे शाळेतून सुटून घरच्या कामाला जुंपणे. तिचा थोरला भाऊ मित्रांबरोबर हिरण्यकेशीच्या काठावर गेलेला असतो. नदीचे पात्र आटले तरी डोह आटत नाहीत, आणि रानातल्या कितीतरी विहिरींना आजही कठडे नाहीत. सुट्टीत पोहायला गेलेल्या मुलाच्या बातमीने ज्या घराचा उन्हाळा संपला, अशी घरे आपल्या सर्वांच्या ओळखीची आहेत. बुडून होणारे मृत्यू टाळायचे तर मोठी माणसे कामावर असताना लहान मुलांना सुरक्षित जागी ठेवण्याची सोय करावी आणि सहा वर्षांपुढच्या मुलांना पोहण्याचे पायाभूत धडे द्यावेत, असे जागतिक आरोग्य संघटनाच सांगते. ही दोन्ही कामे एका चांगल्या शिबिरात होऊ शकतात.

शहरात उन्हाळी शिबिरे होतच नाहीत, असे आम्ही म्हणत नाही. चित्रकला, हस्ताक्षर, अबॅकस, नृत्य यांचे वर्ग दरवर्षी भरतात. फुटबॉलची तर आपल्या गावाला परंपराच आहे. एम. आर. हायस्कूलच्या मैदानावर अखिल भारतीय स्पर्धांचे सामने पाहत इथल्या पिढ्या वाढल्या, आणि सुट्टीत पहाटे मुलांना मैदानावर बोलावणारे जुने खेळाडू पदरमोड करून ही परंपरा टिकवतात. त्यांचे आम्ही ऋणी आहोत. पण ही बहुतेक शिबिरे दीड-दोन तासांची असतात. मुलाला सकाळी सातला सोडायला आणि नऊला आणायला ज्या घरात माणूस मोकळा आहे, त्याच घराला ती उपयोगी पडतात. भांगलणीला किंवा एमआयडीसीत जाणाऱ्या आईपुढचा प्रश्न नऊनंतरच्या नऊ तासांचा आहे. म्हणून आमच्या सगळ्या मागण्यांचा गाभा एकच : शिबिर दिवसभराचे हवे, फुकट हवे, आणि त्याची जबाबदारी सार्वजनिक संस्थांनी घ्यावी.

यात आम्ही काही जगावेगळे मागत नाही. राजर्षी शाहू महाराजांनी 1917 मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. मुलाचा दिवस हा राज्याच्या जबाबदारीचा विषय आहे, हे या मातीत शंभर वर्षांपूर्वी ठरले आहे. दिल्लीत 1956 मध्ये राष्ट्रीय बालभवन उभे राहिले. पुण्यात 1985 पासून गरवारे बालभवनात मुले शाळेबाहेरच्या वेळेत खेळतात, रंगवतात, नाटक करतात. शेजारच्या कर्नाटकात ग्रामपंचायतींच्या वाचनालयांनी 2020 पासून मुलांना मोफत सभासद करून घेतले आणि पुढे तिथेच उन्हाळी शिबिरेही भरवली. म्हैसूरच्या रंगायणाचा मुलांचा उन्हाळी नाट्यमेळा तर तिकडच्या घराघरांत माहीत आहे. दूर इंग्लंडमध्ये सरकारने 2021 पासून गरीब घरांतील मुलांसाठी सुट्टीतले खेळ आणि जेवण यांची योजना देशभर नेली. उन्हाळ्यात चार आठवडे, आठवड्यातून चार दिवस, दिवसाला चार तास आणि एक पौष्टिक जेवण, असे तिचे स्वरूप आहे. श्रीमंत देशालाही सुट्टीतल्या भुकेची दखल घ्यावी लागली.

भारताने 1992 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क संहितेवर मोहोर उमटवली. तिच्या 31व्या कलमात विश्रांती, खेळ आणि कला हा मुलांचा हक्क मानला आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही प्रत्येक जिल्ह्यात बालभवन असावे आणि शाळांच्या इमारती शिकवण्याच्या वेळेनंतर समाजाच्या कामी याव्यात, असे म्हटले आहे. इमारती आहेत, मैदाने आहेत, धोरणही आहे. कुलूप काढायचा निर्णय तेवढा बाकी आहे.

आता मागण्या.

पहिली मागणी जागेची आणि वेळेची. नगरपरिषदेच्या व जिल्हा परिषदेच्या शाळांपैकी शहराच्या प्रत्येक भागात किमान एक शाळा, आणि पहिल्या वर्षी नेसरी, महागाव, कडगाव, नूल व हलकर्णी या गावांत प्रत्येकी एक शाळा सुट्टीत उघडी ठेवावी. 6 मे या शाहू महाराजांच्या स्मृतिदिनी शिबिर सुरू करावे आणि 11 जून या साने गुरुजींच्या स्मृतिदिनी त्याची सांगता करावी. वेळ सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. वय सहा ते चौदा. मधल्या काळात गावची जत्रा, आजोळ, घरचे लग्न असेल तर मुलाने खुशाल जावे. हजेरीची सक्ती नको, दार मात्र रोज उघडे हवे.

दुसरी मागणी जेवणाची, आणि आमच्या दृष्टीने ती सर्वांत निकडीची आहे. शालेय पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 450 उष्मांक व 12 ग्रॅम प्रथिने, सहावी ते आठवीच्या मुलाला 700 उष्मांक व 20 ग्रॅम प्रथिने मिळावीत, असे प्रमाण ठरले आहे. हे ताट शाळा सुटली की बंद होते, पण मुलाची भूक मेमध्ये कमी होत नाही. दुष्काळी भागांत उन्हाळी सुट्टीतही हा आहार द्यावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 20 एप्रिल 2004 रोजी दिला होता. म्हणजे सुट्टीत शाळेची चूल पेटवणे अशक्य नाही, हे सिद्ध झालेले आहे. आपला तालुका दुष्काळी यादीत नसला, तरी शिबिरातल्या मुलांसाठी ही चूल चालू ठेवण्याचा प्रस्ताव जिल्हा परिषदेमार्फत शासनाकडे पाठवावा आणि मंजुरी येईपर्यंत स्थानिक निधीतून खर्च करावा. शाळेत स्वयंपाक करणाऱ्या ताईंना मानधन वर्षातून दहाच महिने मिळते. सुट्टीत त्याही रोजगार शोधत हिंडतात. शिबिराचे काम त्यांना दिले तर मुलांच्या पोटात अन्न पडेल आणि त्यांच्या हातालाही काम लागेल.

शिबिर चालवायचे कोणी? शिक्षकांना जबरदस्तीने जुंपू नये, हे आम्ही स्पष्टपणे सांगतो. शिक्षण हक्क कायद्याचे 27 वे कलम त्यांना अशैक्षणिक कामांपासून संरक्षण देते, आणि सुट्टी हा त्यांचाही हक्क आहे. स्वखुशीने येतील त्यांना मानधन द्यावे. बाकीची फळी महाविद्यालयांतून उभी राहू शकते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला वर्षाला 120 तास समाजकार्य करावे लागते. शिबिरात दिलेले तास त्यात धरावेत, अशी विनंती आपण शहरातील महाविद्यालयांना व शिवाजी विद्यापीठाला करावी. डी.एड., बी.एड. झालेली पण नोकरीच्या प्रतीक्षेत असलेली मुले-मुली तालुक्यात भरपूर आहेत. दर वीस मुलांमागे एक ताई किंवा दादा हे प्रमाण असावे आणि त्यांना शिबिराआधी आठवडाभराचे प्रशिक्षण मिळावे. त्यात प्रथमोपचार शिकवणे बंधनकारक असावे.

शिबिरात पुढच्या इयत्तेचा अभ्यास घेऊ नये, ही आमची अट समजा. पालकांचा आग्रह असतो, आम्हाला माहीत आहे, कारण आम्हीच पालक आहोत. तरीही शिबिराच्या दिवसांत मुलांनी लगोरी, आट्यापाट्या, सूरपारंब्या खेळाव्यात, लेझीम आणि मर्दानी खेळ शिकावेत, नाटक बसवावे, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक चाळत दुपार घालवावी. सामानगडावर जावे, तिथल्या विहिरी पाहाव्यात. नेसरीच्या खिंडीत उभे राहून 24 फेब्रुवारी 1674 रोजी प्रतापराव गुजर आणि त्यांचे सहा साथीदार तिथे कसे धारातीर्थी पडले, हे ऐकावे. एस.टी. आगारात गाडीचे इंजिन उघडलेले पाहावे, बाजार समितीत गुळाचा सौदा पाहावा. हलकर्णी, बसर्गे, तेरणी या बाजूच्या कितीतरी घरांत कन्नड बोलली जाते. तिथल्या शिबिरात कन्नड गाणी आणि गोष्टी हक्काने असाव्यात. घरची भाषा शाळेत चोरून बोलावी लागते, तशी ती शिबिरात बोलावी लागू नये.

ऊन आणि वळीव यांची काळजी आधीच घ्यावी. साडेदहानंतर आणि साडेचारच्या आत मैदानावर खेळ नकोत. पत्र्याच्या खोल्यांत दुपारी मुलांना बसवू नये. मेच्या उत्तरार्धात वळवाबरोबर विजा येतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे ‘दामिनी’ ॲप प्रत्येक केंद्रप्रमुखाच्या फोनवर असावे आणि आभाळ भरून आले की मैदान रिकामे करावे. पोहणे शिकवायचे ते कमरेएवढ्या पाण्यात, पाठीला डबा किंवा ट्यूब बांधून, आणि पट्टीचा पोहणारा हजर असतानाच. दर केंद्राचा उपजिल्हा रुग्णालयाशी किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राशी थेट संपर्क असावा.

चौदा ते अठरा या वयाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हे वय नेहमी सुटून जाते. दहावीची परीक्षा मार्चमध्ये संपते आणि पुढचे वर्ग सुरू व्हायला जून तरी उजाडतो. एवढे महिने मुलांच्या हातात मोबाइल असतो किंवा गाडीची किल्ली. काहीजण गॅरेजात, हॉटेलात, वीटभट्टीवर जातात. मुलींचे घराबाहेर पडणेच थांबते आणि स्थळांची चर्चा सुरू होते. चौदाच्या आतल्या मुलांनी सुट्टीत घरच्या कामात हातभार लावायला 2016 च्या दुरुस्तीनंतरचा बालमजुरी कायदा मुभा देतो. या मुभेच्या आडून परक्याच्या दुकानात मूल राबते, तिकडे कामगार खात्याने मे महिन्यात खास लक्ष द्यावे. चौदापुढच्यांना शिबिरात लहान मुलांबरोबर बसवू नये. त्यांना सहायक ताई-दादा म्हणून जबाबदारी द्यावी, प्रवासभत्ता व प्रमाणपत्र द्यावे, आणि दिवसातले दोन तास त्यांच्या स्वतःच्या शिकण्याला राखावेत. घरातली वीजजोडणी, शिवणयंत्र, सायकल-मोटारसायकलची दुरुस्ती, बँकेचे व्यवहार, ऑनलाइन फसवणूक ओळखणे, शरीर आणि मैत्री यांविषयी जाणकार डॉक्टरांशी मोकळे बोलणे, असा तो कार्यक्रम असावा. मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह, सॅनिटरी पॅड आणि संध्याकाळी घरापर्यंतची सोबत या गोष्टी पहिल्या दिवसापासून हव्यात. त्या नसतील तर मुली येणार नाहीत, आणि मग मुलींनाच आवड नाही असा शेरा मारला जाईल.

सुरक्षिततेत तडजोड चालणार नाही. शाळांना लागू असलेली सखी सावित्री समिती, तक्रारपेटी आणि कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी या सर्व गोष्टी शिबिरांनाही लागू कराव्यात. 1098 हा क्रमांक मुलांना वाचता येईल एवढ्या उंचीवर रंगवावा. गैरप्रकाराची माहिती मिळाली की पोलिसांना कळवणे पोक्सो कायद्याने बंधनकारक आहे, हे प्रत्येक कार्यकर्त्याकडून लेखी घ्यावे. खाजगी शिबिरांनीही नगरपरिषदेकडे साधी नोंद करावी : चालक कोण, जागा कुठली, मुले किती, फी किती. दिव्यांग मुलांसाठी प्रत्येक केंद्रावर उतरण आणि एक प्रशिक्षित मदतनीस असावा.

पैसा कुठून येणार, हे आपण विचारणार. नगरपरिषदेने अंदाजपत्रकातील पाच टक्के निधी महिला व बालकल्याणासाठी आणि पाच टक्के दिव्यांगांसाठी राखायचा असतो. ग्रामपंचायतींना स्वउत्पन्नाच्या दहा टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते, आणि ग्रामविकास आराखड्यात ‘बालस्नेही गाव’ ही संकल्पना आलेलीच आहे. जागेचे भाडे नाही, बाके आहेत, स्वयंपाकाची भांडी आहेत. खर्च उरतो तो मानधन, धान्य-भाजी आणि खेळसाहित्याचा.

आमच्या बाजूने आम्ही देखरेखीसाठी पालकांची पाळी लावू, जुने खेळाडू आणि निवृत्त शिक्षक मिळवून देऊ, आणि प्रत्येक केंद्राचा जमाखर्च दर आठवड्याला फलकावर लिहू. आपल्याकडून दोन गोष्टी अपेक्षित आहेत. फेब्रुवारीतील अंदाजपत्रकाच्या सभेत ‘उन्हाळी दिवस-शिबिर’ असे स्वतंत्र लेखाशीर्ष उघडावे, आणि त्या सभेपूर्वी या मागणीपत्राला लेखी उत्तर देऊन संघटनेच्या प्रतिनिधींना चर्चेसाठी बोलवावे.

आपले,
संघटनेच्या वतीने पालक, शिक्षक व क्रीडा कार्यकर्ते
गडहिंग्लज