पेल्याची प्रतिष्ठा

पुण्यात डूलालीने २००९ साली लहान भट्टीची बिअर पाजावयास आरंभ केला, तेव्हापासून आमच्या सुशिक्षित वर्गात क्राफ्ट बिअरची चव घेणे ही एक विद्याच होऊन बसली आहे. पेला उजेडाकडे धरावा, हुंगावा, घोट जिभेवर फिरवावा आणि मग त्याच्या जोडीस काय खावे याचा निवाडा द्यावा. यात हसण्यासारखे आम्हांस काही दिसत नाही. जीभही शिकवावीच लागते. आमची तक्रार एवढीच, की ही विद्या पेल्याची प्रतिष्ठा पाहून चालते.

बव्हेरियातील गव्हाच्या बिअरला केळ्याचा वास येतो. आंबविताना यीस्ट जे आयसोअमाइल ॲसिटेट निर्माण करते, तेच पिकल्या केळ्याच्या वासातही प्रमुख असते. रावेर-यावलच्या केळीबागांत वाढलेला माणूस हा वास डोळे मिटून ओळखील. पण त्याला रसज्ञ म्हणावयास कोणी तयार नाही!

जोडणीचेही तसेच. तिखट जेवणाबरोबर हॉप्सची कडवट बिअर घ्यावी, असा सल्ला पंडित देतात. त्यांनी ती कळण्याची भाकरी, कपाशीच्या काड्यांवर भाजलेल्या वांग्याचे भरीत आणि मिरचीचा ठेचा यांच्यापुढे ठेवून पाहावी. मद्यार्काने मिरचीची आग भडकते, वर कडवटपणा चढतो, आणि ज्या धुरकट वासाकरिता भरताचा सारा खटाटोप, तो कोठल्या कोठे जातो. त्या ताटास ताकच शोभते. मिरचीतील दाहक द्रव्य पाण्यास दाद देत नाही, दुधातील केसीन मात्र त्यास उचलून नेते. बिअरच हवी असेल तर गव्हाची, कमी कडू घ्यावी.

असो, जोडणी चुकली तर तोंड भाजेल, इतकेच. याच जिल्ह्यांच्या उत्तरेस, चोपडा-शिरपूरच्या वर सातपुड्यात जे चालते, त्याची किंमत मात्र अधिक पडते. तेथील भिल्ल व पावरा कुटुंबे फाल्गुन-चैत्रात पहाटे मोहाची फुले वेचतात, वाळवितात, आंबवून गाळतात. पहिली धार देवाला. ही दारू गाळीव, बिअर नुसती आंबविलेली, हा भेद आम्ही विसरत नाही. पण स्थानिक जिन्नस, लहान भट्टी आणि करणाराचा हात, ज्यांकरिता क्राफ्ट या शब्दाचा एवढा गौरव होतो, ते तिन्ही येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत. १८७८ च्या मुंबई अबकारी कायद्यानंतर गाळण्याचा हक्क मक्तेदारांकडे गेला. १९४९ च्या दारूबंदी कायद्याने फुलांनाही बेड्या घातल्या. त्या महाराष्ट्र सरकारने २०२१ साली सैल केल्या. घरची भट्टी मात्र अजून गुन्हाच.

यावर विषारी दारूची भीती पुढे केली जाते. २०१५ साली मालवणीस शंभरांवर माणसे दगावली, ती मोहाने नव्हे, मिथेनॉलने. भय खरे असेल तर उपाय तपासणीचा आहे. आम्ही मद्यपानाचे भाट नव्हे. पण एकच कर्म शहरात परवान्याने कला आणि पाड्यावर पोलिसी गुन्हा, हा न्याय आमच्या गळी उतरत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने २०२२ च्या सुमारास आदिवासी बचत गटांस मोहाची दारू रीतसर गाळू देण्याचे धोरण आणले. आमच्याकडे त्यास काय आडवे येते, हे चव घेणाऱ्या मंडळींनीच एकदा मुंबईस विचारावे. त्यांचा आवाज पाड्यावरच्या बाईपेक्षा तेथे लवकर पोहोचतो.